माहे हात ओले हायेत

थांबा, बाकी सगळं नंतर वाचा, आधी हे ऐका, कारण हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझ्या पोटात मावणार नाही. आमच्या वच्छलामावशी गेल्या. म्हणजे जाऊन आता काही आठवडे झाले, तेरवी झाली, पाहुणे परत गेले, पण त्या कोण होत्या हे मी अजून कुणाला नीट सांगितलेलंच नाहीये. अकोल्यात जुन्या शहरात त्यांच्या भावाचं फुलांचं दुकान आहे, त्याच्या वरच्या माडीवर त्या मोठ्या वयाच्या बायामाणसांना कॉम्प्युटर शिकवायच्या आणि त्यासोबत जमेल तेवढं इंग्रजी. मी त्यांच्या हाताखाली शिकवायचे. बातमी आली तेव्हा मी अमरावतीहून येणाऱ्या एसटीत होते, मूर्तिजापूर नुकतंच मागे पडलं होतं. फोन वाजला, पाहते तर क्लासच्या ग्रुपवर मंगलाताईंचा मेसेज. आता मंगलाताई म्हणजे आमच्याकडची सगळ्यात घाबरट विद्यार्थिनी. त्या टाईप कधी करायच्याच नाहीत, बोलून पाठवायच्या, ते पण लांबच लांब, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी लिहून पाठवलं होतं, आणि मला आधी तेच दिसलं, अरे वा, मंगलाताईंनी टाईप केलं! मग वाचलं. ‘मावशी गेल्या. लवकर ये.’ नंतर मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “आवाजच निंगे ना माय, म्हणून लिवलं...”

मी पोचले तेव्हा माडीवर माणसंच माणसं. मावशींनी सकाळी चहा घेतला, बाळापूरकडच्या मळ्यातून आलेली फुलं परडीत ओतली, हार ओवायला घेतला, आणि बसल्या जागी भिंतीला टेकल्या. बस, एवढंच. हार अर्धा झाला होता. तो एका बारशाचा होता, म्हणून त्यांच्या भावजयीने, सिंधूकाकूंनी, डोळे पुसत पुसत तो पूर्ण केला आणि पाठवून दिला. कुणीतरी म्हणालं पण, आज कायले? तर काकू म्हणाल्या, लेकरू त्याईच्या घरी आलं हाय ना. मी मावशींजवळ बसले, हात हातात घेतला, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. खूप वेळाने कळलं. हात कोरडा होता. इतकी वर्षं मी त्यांचा हात कोरडा कधी पाहिलाच नव्हता.

हो, आता तेच सांगते, तेच तर सांगायचंय! वच्छलामावशी शिकवायला बसल्या की मांडीवर फुलांची परडी, बाजूला पाण्याचं स्टीलचं गंज, म्हणजे पातेलं, आणि हात सतत ओले. शेवंती, झेंडू, कधी गुलछडी, पाण्यात बुडवायची, ओवायची. शिकणारी बाई खुर्चीत, मावशी तिच्या शेजारी स्टुलावर. बाई अडली की आपल्याकडे वळून पाहते, बघा, सगळे पाहतात, तो चेहराच ठरलेला असतो. मग मावशी म्हणायच्या, “माहे हात ओले हायेत. तूच कर.” आणि पुढचं सगळं तोंडाने. वर जा, डावीकडं जा, अवो डावीकडं म्हन्जे जेवायचा हात नाई, घड्याळाचा हात, हां, आता दाब. त्या कधीच, अगदी कधीच, शिकणाऱ्याच्या माऊसला हात लावायच्या नाहीत. ओल्या हाताने विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे तर प्रत्येकीला पटतं. कुणी अपमान वाटून घेत नाही, कुणी हट्ट करत नाही, स्वतः करण्यावाचून इलाजच उरत नाही.

मला मात्र हे लवकर कळलं नाही. मी अमरावतीला कॉम्प्युटरचं शिकून आलेली, टाईप करायला लागले की मैत्रिणी म्हणायच्या गारा पडून राहिल्या जणू. पहिल्या दिवशी मावशींनी मला एका काकूंजवळ बसवलं, काकूंना पडद्यावर नातवाचा फोटो लावायचा होता. मी टकटक केलं, लावून दिला. काकू खूश, मी खूश. मावशींनी मान पण वर केली नाही, सुई चालू. म्हणाल्या, “तुले येते हे त मले मालूमच होतं, पोट्टे. आता तिले येते का, ते पाय.” काकूंना काय येणार! मग मावशींनी माझ्या ओंजळीत चिंब ओली शेवंती ओतली, हातात सुईदोरा दिला आणि सांगितलं, आता शिकव. मी इतक्या वेळा बोटात सुई टोचून घेतली की काकूच मला धीर द्यायला लागल्या, आणि फोटो कसा लावायचा ते शोधत शोधत एकट्या पोचल्या पण. त्यानंतर माझी परडी वेगळी झाली. हार मला अजून धड येत नाही, सिंधूकाकू म्हणतात, हा हार हाय का मेथीची जुडी, पण शिकवायला आलं.

ही पद्धत आली कुठून, हे एकदा लाईट गेली होती तेव्हा कळलं. दुपारची वेळ, पंखा बंद, आम्ही सगळ्या माडीच्या दारात वारं घेत बसलेल्या. मावशी एका कचेरीत टायपिस्ट होत्या, टाईपरायटरवर हात असा की साहेब लोक मजकूर तोंडी सांगायचे आणि कागद बिनचूक बाहेर. मग कचेरीत कॉम्प्युटर आले. सोबत एक तरुण पोरगा आला, फार गुणी, फार अदबीचा. मावशी बसल्या, कुठे अडल्या, की तो धावत यायचा, “सरका मॅडम, मी करून देतो.” रोज. सगळ्यांनी सांभाळून घेतलं, खिडकीजवळची खुर्ची दिली, चहा आधी त्यांना द्यायचे, आणि त्या खुर्चीत बसून मावशी निवृत्त झाल्या. मला इतका राग आला त्या पोराचा! मी म्हटलं, कसली माणसं ती. तर मावशी म्हणाल्या, “वाईट त्याईतलं कोनीच नोतं वो. सारे चांगले होते. म्हणूनच त मले काई आलं नाई.”

मग कसं आलं? तर ऐका, ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. निवृत्त झाल्यावर भाच्याने घरी कॉम्प्युटर आणला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो बाळापूर रस्त्यावर गाडीवरून पडला. उजवा हात प्लास्टरात, डाव्याला पट्ट्या. घरी बसून कंटाळला, सिनेमा पाहायचा, पण लावणार कोण? मग तो पलंगावरून ओरडायचा आणि आत्या करायची. आत्या, ते नाही, त्याच्या बाजूचं. आत्या, दोनदा दाब. चिडायचा, पाय आपटायचा, पण हात काही पुढे करू शकत नव्हता. प्लास्टर निघेपर्यंत मावशींना सगळं यायला लागलं होतं. “त्याचा हात मोडला म्हणून मले आलं,” त्या म्हणाल्या, “पण आता दरखेपी कोनाचा हात मोडाव? म्हणून मी माहाच ओला करून बसते.” आम्ही इतक्या हसलो की खालून भाऊ ओरडले, काय झालं, लाईट आली का.

इंग्रजीचं पण असंच. पुस्तक नाही, फळा नाही. मावशींचं म्हणणं, इंग्रजी बोलायला लाज कावून वाटते, तर समोरचा हसेल म्हणून. कॉम्प्युटर हसत नाही. तो विचारतो, उत्तर येईपर्यंत गप थांबतो. मावशी म्हणायच्या, असा साहेब मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. म्हणून नियम असा होता की पडद्यावर काही प्रश्न आला की त्याला मोठ्याने, पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं आणि मगच बटण दाबायचं. त्याने विचारलं, डू यू वॉन्ट टू सेव्ह, की इकडून, येस, आय वॉन्ट टू सेव्ह. पुसून टाकू का विचारलं की, आर यू शुअर, तर विचार करायचा, आणि, नो, आय ॲम नॉट शुअर. खाली झेंडू घ्यायला आलेली गिऱ्हाइकं वर माना करून पाहायची, माडीवरून बायांचा आवाज येतोय, नो, नो, आय डोन्ट वॉन्ट टू डिलीट! हळूहळू ते सगळं घराघरात गेलं. एका विद्यार्थिनीच्या नवऱ्याने पोह्यात मीठ कमी आहे म्हटलं तर तिने विचारलं, आर यू शुअर? त्याने आणखी एक घास घेऊन पाहिला.

आता मंगलाताई. त्यांच्याशिवाय हे पूर्णच होणार नाही. त्यांचे मिस्टर एका कचेरीत क्लार्क होते, ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मंगलाताईंना नोकरी लागली. अट अशी की ठरलेल्या मुदतीत कॉम्प्युटरची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी राहणार नाही. घरात दोन मुली शिकणाऱ्या. आणि कचेरीत सगळे मिस्टरांचे मित्र. वहिनी, राहू द्या, आम्ही आहोत ना. वहिनी, तुम्ही बसा. वहिनीने एक ओळ टाईप करायला घेतली की तिघं धावायचे. परिणाम काय, तर वहिनी परीक्षेत नापास, पुन्हा नापास, आणि आता शेवटची संधी. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी चपला जिन्याखाली काढल्या, कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि माऊस पदरात धरला. हाताने नाही, पदरात! म्हणे मळेल. मावशींनी विचारलं, घरी पोळ्या पदराने लाटता का? मग हात लावला तर दुसरंच. बटण दाबायच्या ते दाबूनच ठेवायच्या, एकच अक्षर पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ते पाहून त्या आणखी घाबरून आणखी जोरात दाबायच्या. मावशी म्हणाल्या, गरम तव्यावरची पोळी बोटानं पलटवता ना? मग तसंच. तव्यावर बोट ठेवून कोन उभं राह्यते? आणि खरंच सांगते, त्या दिवसापासून मंगलाताईंची बोटं सुटली. त्या जे टाईप करायच्या ना, पाहिलं की चटका बसल्यासारखं वाटायचं.

पण मनातली भीती काही जाईना. अडलं की मान वळायची, “मावशी, एकडाव तुमीच करून द्या ना...” आणि मावशींचे हात ओले. एकदा तर मंगलाताई रडल्याच. म्हणाल्या, तुमाले माही दया कशी येत नाई. मी परडी बाजूला ठेवून उठणारच होते, तर मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बसले. मग त्या मंगलाताईंना अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, दया करनारे लय हायेत तुह्या कचेरीत. परीक्षेले त्याईतला कोन येऊन राहिला सोबत?” मंगलाताईंनी नाक पुसलं आणि पुन्हा सुरू केलं. मला मात्र तेव्हा मावशींच्या हाताकडे लक्ष गेलं. फुलं संपली होती. परडी रिकामी होती. तरी त्यांनी दोन्ही हात गंजातल्या पाण्यात तसेच बुडवून धरले होते.

आणि मग परीक्षा चार दिवसांवर आली, आणि मावशी गेल्या.

मंगलाताई म्हणाल्या, मी नाई जात. मी म्हटलं जायचं. त्या म्हणाल्या, कोनाच्या भरोशावर? मी पण रडतच होते. घरात सुतक, क्लासला कुलूप. दुसऱ्या दिवशी सिंधूकाकूंनी स्वतःच माडी उघडली. खुर्चीवरची धूळ पुसली, गंज भरून स्टुलाजवळ ठेवलं, आणि मला म्हणाल्या, “दुकान बंद हाय, पण मळ्यातली फुलं काई थांबत नाईत. बस अन् ओव.” मी मावशींच्या स्टुलावर नाही बसले, खाली चटईवर बसले. मंगलाताई खुर्चीत. पहिल्याच अडचणीला त्यांची मान वळली, सवयीने, स्टुलाकडे. तिथे कुणी नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि देवाशपथ सांगते, माझं सगळं अंग पुढे झालं, तीन सेकंदांचं काम होतं, बाई तिकडे रडतेय, परीक्षा तोंडावर, आणि मला येतंय! मी हात पाण्यात घातले, मनगटापर्यंत. म्हटलं, माहे हात ओले हायेत ताई. तुमीच करा. मंगलाताईंनी पदराने डोळे पुसले. मग पडद्याकडे वळल्या. आणि केलं.

परीक्षा अमरावतीला होती. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो, मंगलाताईंनी डब्यात दशम्या घेतल्या होत्या, पण डबा त्यांनी उघडलाच नाही. त्या आत गेल्या, मी बाहेर रसवंतीच्या बाकावर, आणि माझी जी तगमग! आत काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. अर्धा पेपर झाला आणि अचानक समोरचं सगळं गेलं. चुकून काहीतरी दाबलं गेलं आणि लिहिलेलं पान पडद्यावरून गायब. त्यांची मान सवयीने वळली. तिथे देखरेखीला एक तरुण सर होते, चांगला माणूस, त्याला दिसलं आपल्या आईच्या वयाची बाई घाबरली आहे. तो आला, वाकला, म्हणाला, “काकू, सरका, मी करून देतो.” मंगलाताई सांगत होत्या, मी सरकलीच होती गं... खुर्ची मागे गेली होती. त्याचा हात माऊसपर्यंत पोचला होता. आणि कुठून आलं माहीत नाही, त्यांच्या तोंडून निघालं, “भाऊ, हात नका लावू. मी करून राहिली ना.” तो थबकला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. वर पाहिलं, डावीकडे पाहिलं, घड्याळाचा हात, मग खाली पाहिलं, तिथे पडद्याच्या तळाशी त्यांचं पान बारीक होऊन बसलेलं होतं. चटका. उघडलं. सगळं जसंच्या तसं.

आणि शेवटी, अहो हे ऐकाच, शेवटी पेपर जमा करताना पडद्यावर प्रश्न आला, आर यू शुअर? अख्खी खोली शांत, सगळे खाली माना घालून, आणि मंगलाताई ताठ बसून मोठ्या आवाजात, “येस. आय ॲम शुअर.” सगळ्यांनी वळून पाहिलं. सर म्हणाले, मॅडम, हळू. बाहेर आल्या तेव्हा त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा, आणि मला ही आर यू शुअरची गोष्टच आधी सांगत सुटल्या, मी त्यांचे खांदे धरून ओरडतेय, अहो पण निकाल, निकाल काय? “अं? पास झाली ना मी. पडद्यावरच आलं.” मग रसवंतीवर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. मंगलाताईंनी कचेरीत फोन लावून एवढंच सांगितलं की सोमवारपासून माझ्या टेबलाशी कुणी येऊ नका, आलात तर चहा प्यायला या.

क्लास चालू आहे. लोक विचारतात म्हणून सांगते. मी अजून स्टुलावर बसत नाही, चटईवरच बरं वाटतं. सकाळी आलं की आधी गंज भरते, मग मशीन चालू करते, हा क्रम चुकला तर दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं होतं. शनिवारी मंगलाताई येतात, कचेरी सुटल्यावर, आणि नवीन बायांना घेऊन बसतात. त्या फुलं ओवत नाहीत, त्यांना जमत नाही. त्या कणीक भिजवतात, परातीत, तिथेच, माडीवर. दोन्ही हात कणकेत. परवा एक आजोबा आले, शेती असलेले, लेकीला बंगलोरला स्वतः लिहून काहीतरी पाठवायचं म्हणतात. दहा मिनिटांत घामाघूम झाले, म्हणाले, ताई, तुमीच करून द्या ना वो. मी आणि मंगलाताईंनी एकमेकींकडे पाहिलं, त्यांनी कणकेचे हात वर केले, मी फुलांचे. आजोबांना वाटलं या बाया शिकवायला बसल्यात की स्वयंपाकाला, पण पडद्याकडे वळले बिचारे, आणि एक एक अक्षर वेचायला लागले.

तेव्हापासून मला ते सगळीकडे ऐकू येतं, खरंच. बँकेत, पोस्टात, लग्नाच्या हॉलमध्ये फोटो काढताना, आमच्याच घरी जेवताना. सरक, मी करते. दे इकडे. राहू द्या, तुम्हाला नाही जमणार. आणि म्हणणारे सगळे चांगले लोक असतात, प्रेमाने म्हणतात. म्हणून तर विचारतेय, खरंच सांगा हं... तुमच्या हातातून असं कुणी काही काढून घेतलं का कधी, अगदी प्रेमाने? आणि तुमच्यासाठी कुणी, सगळं येत असताना, आपले हात पाण्यात बुडवून बसलं होतं का?